पुठ्ठा, पडदे आणि खोटं बटण

विषय मोठा दिलाय, ‘शाश्वत कार्यालयीन इमारती आणि वापरणाऱ्यांच्या गरजा’. मी मात्र सुरुवात एका पुठ्ठ्यापासून करणार आहे.

मी काही वर्षं हरित प्रमाणपत्र मिळालेल्या एका इमारतीत बसायचो. प्रमाणपत्र खाली स्वागतकक्षात फ्रेम करून टांगलेलं. आणि वर, माझ्या डोक्यावरच्या एसीच्या जाळीला कुणीतरी चिकटपट्टीने पुठ्ठा डकवलेला, कारण गार झोत थेट मानेवर यायचा. देखभालवाले दर सोमवारी तो काढायचे, दुपारपर्यंत तो परत जागेवर! पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच. का, तर भरपूर उजेड यावा. तीन वाजता ऊन स्क्रीनवर आलं की पडदे खाली, दिवे चालू. ते पडदे पुन्हा वर करायला कोण उठतंय? दिवे तरी कसे, तर हालचाल टिपणारे. दहा मिनिटं विचार करत बसलात की अंधार. विचार करणं म्हणजे काम नव्हे, असं त्या सेन्सरचं मत होतं. आमच्या साहेबांचंही होतं, ते सोडा. आणि स्वच्छतागृहात... हसताय, म्हणजे तुम्हीही आत बसून हात हलवलेले दिसतात.

भिंतीवर तापमानाचं बटण होतं. एक जण २२ वर न्यायचा, दुसरी २५ वर, रोज भांडण. एकदा मेकॅनिकने झाकण उघडलं, तर आत वायरच जोडलेली नाही. त्या दिवसापासून सगळ्यांनाच एकदम उकडायला लागलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा पळत पळत. फँगर या डॅनिश संशोधकाच्या सूत्राप्रमाणे तापमान कितीही अचूक राखा, शंभरातले पाच तरी नाराज राहणारच. मग एकच आकडा धरून अख्खी इमारत गार करत बसायचं कशाला? १९९८ मध्ये डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी दाखवलं, की खिडकी स्वतः उघडता येते तिथे माणसं तापमानाचा बराच जास्त चढउतार चालवून घेतात. २००४ मध्ये हे अमेरिकेच्या ‘ॲश्रे ५५’ मानकात, म्हणजे इमारतीत माणसांना सोसवेल असं तापमान ठरवणाऱ्या नियमावलीत, आलं. म्हणजे खिडकीची कडी हे वीज वाचवायचं यंत्रच आहे.

एक उदाहरण घ्या: झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर, १९९६, वास्तुविशारद मिक पियर्स. रात्रीची गार हवा काँक्रीटमधून खेळवायची, दिवसा तोच गारवा वापरायचा. पण हरारे उंचावर आहे, तिथल्या रात्री गार असतात. उकाड्याच्या दमट गावात ही नक्कल चालणार नाही. आपल्याकडे करायचं ते असं: मजला खिडकीपासून आत फार खोल नेऊ नका, म्हणजे उजेड आतपर्यंत पोचतो. पश्चिमेची काच आवरा, सावली बाहेरून द्या. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, काय उपयोग? आणि लोक राहायला आल्यावर वर्षाने परत जा, वीजबिल बघा, पुठ्ठे मोजा. ब्रिटनमध्ये १९९५ पासून ‘प्रोब’ नावाने काही वर्षं हेच केलं गेलं, आणि कागदावरची इमारत नि वापरातली इमारत यांतलं अंतर चव्हाट्यावर आलं.

बास, आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून पदर गुंडाळून बसल्यात. इथलं बटण कुठे आहे, कुणाला माहितेय का?