तलफ नेमकी येते कुठून?

[दृश्य: विमानाची केबिन. ट्रॉली ढकलत जाणारे कर्मचारी.]

विमानात सिगारेट ओढता येत नाही. त्यामुळे सिगारेटची सवय असलेल्या हवाई कर्मचाऱ्याला उड्डाण संपेपर्यंत सक्तीचा उपास. तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रूव्हेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाला नेमकी हीच माणसं निवडली. तेच कर्मचारी कधी तीन ते साडेपाच तासांच्या उड्डाणावर, तर कधी आठ ते तेरा तासांच्या. तलफ किती जोराची आहे, याची नोंद त्यांनी वाटेत अधूनमधून करायची.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. तेव्हा जितके जास्त तास, तितकी जास्त तलफ, हा आपला सरळ हिशेब. २०१० साली छापून आलेले निष्कर्ष त्यात बसेनात. छोटं उड्डाण उतरायच्या बेतात आलं की तलफ उसळायची. लांबच्या उड्डाणात तेवढेच तास उलटले, तरी ती बरीच दबलेली असायची. पुढची सिगारेट अजून लांब होती, एवढाच काय तो फरक.

[दृश्य: मेंदूचं रेखाचित्र. धुराच्या मार्गावरून सरकणारा ठिपका.]

पण म्हणून सगळं मनावर ढकलून मोकळं होता येत नाही. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथल्या चेतापेशींवर असेटिलकोलिन या रसायनाला पकडणाऱ्या जागा, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), असतात; त्या निकोटिन बळकावतं. मग डोपामिन हे रसायन सुटतं आणि ‘हे पुन्हा कर’ असा धडा मेंदूत पक्का होतो. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहकांची संख्याच वाढते. २००६ च्या एका पेट स्कॅन (PET, मेंदूत काय चाललंय ते दाखवणारी तपासणी) अभ्यासात दिसलं, की एकदोन झुरक्यांतच यातल्या एका प्रमुख प्रकारचे निम्मे ग्राहक व्यापले जातात. एक अख्खी सिगारेट संपेपर्यंत जवळजवळ सगळेच.

निकोटिन मोडायचं काम मुख्यतः यकृतातल्या एका एन्झाइमचं. ते कुणाचं जलद चालतं, कुणाचं संथ, आणि हे बरंचसं जनुकांवर ठरतं. सरासरीने बायकांमध्ये ते जास्त वेगाने चालतं, गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर आणखीच. त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला तासाभरात अस्वस्थ वाटतं आणि दुसरा निवांत असतो. यात कुणाची इच्छाशक्ती कमी आणि कुणाची जास्त, हे ठरवणारे आपण कोण?

[दृश्य: जवळून. बोटांत धरलेली सिगारेट, लायटरची ज्योत, पहिला झुरका, घशाची हालचाल.]

हे जरा नीट बघा. घशात बसणारा तो सौम्य चटका ओढणाऱ्याला हवा असतो. निकोटिन थेट शिरेतून दिलं, तर सिगारेटइतकं समाधान मिळत नाही. उलट, निकोटिन जवळपास काढून टाकलेली सिगारेट ओढूनही तलफ काही काळ बरीच उतरते.

२०१६ मधला एक प्रयोग तर फारच चतुर होता. चोवीस जण, प्रत्येकाच्या चार खेपा. कधी निकोटिन असलेली सिगारेट, कधी नसलेली; आणि त्यात काय आहे हे कधी खरं सांगायचं, कधी चक्क खोटं. निकोटिन शरीरात गेलं, पण ‘यात निकोटिन नाही’ असं मनाने धरलं असेल, तर तलफ भागली नाही. निकोटिन हवं आणि ते मिळतंय हा विश्वासही हवा, तेव्हाच ती भागली.

या प्रयोगात मेंदूचा जो भाग डोळ्यांत भरला, तो इन्सुला. शरीराच्या आतून येणाऱ्या जाणिवा इथे जुळतात. २००७ साली मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास झाला होता. १९ जणांच्या इन्सुलाला इजा होती. त्यातल्या बारांची सिगारेट इजेनंतर विनासायास सुटली, आणि पुन्हा ओढावीशीही वाटली नाही. दिवसाला चाळीसहून जास्त सिगारेटी ओढणारा एक रुग्ण म्हणाला, शरीराला तलफेचा विसरच पडला. इजा हा उपचार नव्हे, हे सांगायला नकोच.

[दृश्य: दंडावर चिकटवलेला निकोटिनचा पॅच. मग कॉफीचा कप.]

पॅच रक्तातली निकोटिनची पातळी सावकाश सांभाळतो. त्यामुळे दिवसभराची तगमग कमी होते. पण समोर कुणी सिगारेट शिलगावली की उसळणाऱ्या तलफेला तो फारसा आवरत नाही. ती झटक्यात येते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ निभावून न्यावा लागतो.

कॉफीचं मात्र वेगळंच. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर निपटतं. सिगारेट सुटली की हा वेग उतरतो, आणि रोजचीच कॉफी अंगात जास्त वेळ रेंगाळते. हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. सोडणारा समजतो, निकोटिनच छळतंय, आणि सिगारेटकडे वळतो. त्याने आधी कॉफीचे कप कमी करून बघावेत.