हापशाचा ओटा किती उंच हवा?

कमिशन म्हटलं की आपल्याला आधी दलाल आठवतो. घर भाड्यानं घेतलं, द्या एक महिन्याचं भाडं. आर्टिस्ट लोक हाच शब्द वापरतात तेव्हा अर्थ वेगळा, म्हणजे कुणीतरी पैसे देतं, जागा देतं आणि म्हणतं इथं काहीतरी करा. चौकातला पुतळा, मेट्रो स्टेशनची भिंत, फ्लायओव्हरचे रंगवलेले खांब, बहुतेक सगळं असंच होतं. या व्हिडिओसाठी आम्ही लोकांना सोबत घेऊन अशी कामं करणाऱ्या काही जणांशी बोलायला बसलो आणि खरं सांगायचं तर रंग, दगड, ब्राँझ यावर दहा मिनिटंही बोलणं झालं नाही. सगळे मीटिंगांबद्दलच बोलत होते. कोण रुसलं, कुणाच्या अंगणात बसलं की बाकीच्या बायका येत नाहीत, कितीदा चहा झाला.

(दृश्य: फोटो, कोंडागाव)

छत्तीसगडमधलं कोंडागाव. रायपूरहून जगदलपूरला जाताना वाटेत लागतं. धातूच्या कामासाठी प्रसिद्ध, मेणाच्या बारीक दोऱ्यांनी नक्षी करायची, वरून माती लिंपायची, भट्टीत मेण वितळलं की त्याच्या जागी धातू. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या नवज्योत अल्ताफ इथं येऊन काम करायला लागल्या. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीत होत्या. इथं त्यांच्यासोबत होते राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेसूराम विश्वकर्मा. शांतीबाई लाकूड कोरतात. हे तिघं मदतनीस नाहीत बरं का, कलाकार म्हणून त्यांची नावं लागतात, आणि आपल्याकडे ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही, त्यावर येतोच. (जाता जाता, कोंडागाव ज्या बस्तर भागात येतं तिथली हलबी ही भाषा, भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सन या इंग्रज अभ्यासकानं मराठीच्या खंडात घातली होती. कान देऊन ऐका, मधूनच एखादा शब्द घरचा निघतो.)

तर यांनी काय केलं? हापशाच्या जागा केल्या. तिथं त्याला नलपार म्हणतात.

आता सरकारी हापसा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, देशभर तोच लोखंडी इंडिया मार्क टू, खाली सिमेंटचा एक गोल, त्याला तडा, सांडलेलं पाणी बाजूला साचतं, मग चिखल, शेवाळ, डास, आणि त्यातच गुरं येऊन उभी. पाणी भरायला येणार बायका आणि पोरी. आणि हंडा भरणं हे सोपं काम, खरं काम पुढं आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर हंड्याचं वजन वेगळं. तो जमिनीवरून आधी मांडीवर, मांडीवरून कमरेवर, मग एक झटका देऊन डोक्यावरच्या चुंबळीवर, आणि हे सगळं ओल्या, निसरड्या सिमेंटवर. सोबत कोणी असेल तर हात लावते. नसेल तर? पाठ धरते ती तिथंच.

कोंडागावच्या या जागांमध्ये पाणी वाहून जायची नीट सोय केली आणि भिंतीत, ओट्यात अशा टेकायच्या जागा ठेवल्या की हंडा एका दमात उचलायला लागू नये, मधे टेकवता यावा. बांधायच्या आधी वर्कशॉप झाली, त्यात गावातले लोक होते, कलाकार होते, पाण्यातलं कळणारी माणसं होती. नक्षी, आकार हे सगळं आहेच, फोटोत दिसतंय ते सुंदरच आहे. पण मला विचाराल तर त्यातली सगळ्यात भारी गोष्ट ती उंची आहे. ओटा किती वर हवा हे स्टुडिओत बसून कळत नाही, ते जिच्या कमरेवर हंडा टेकतो तिलाच माहीत. आणि बायकांना घराबाहेर निवांत बोलायला जागा असतात तरी किती? पाण्याची जागा ही त्यातली एक. पोरांसाठीही त्यांनी अशाच जागा केल्या, पिल्ला गुडी, म्हणजे पोरांची देवळं.

(दृश्य: मेट्रोतून असल्फा)

आता हे बघा. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून दिसणारी असल्फाची टेकडी, तिच्यावरच्या वस्तीच्या भिंती २०१७ मध्ये रंगवल्या. रंग कुणाला आवडत नाही, आणि मेहनतीला मी नावं ठेवत नाहीये. पण हे चित्र पूर्ण कुठून दिसतं? मेट्रोतून. टेकडीवर राहणाऱ्याला ते एवढं अख्खं दिसतच नाही.

उलट न्यूयॉर्कमध्ये मिर्ले लेडरमन युकेलीस या बाईंनी १९७९-८० मध्ये जे केलं त्यात बघायला जवळजवळ काहीच नव्हतं. शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून गाठलं, हात मिळवला आणि हे शहर जिवंत ठेवल्याबद्दल थँक्यू म्हणाल्या. बस. एवढंच काम. साडेआठ हजार वेळा.

शेवटी आमच्या एका मैत्रिणीचं. नाव नको म्हणाली. तिला एका वस्तीतली लांबलचक भिंत मिळाली होती, बायकांसोबत रंगवायची. दोन महिने गेले, बायकांनी स्वतः वेली काढल्या, मासे काढले, एकीनं आपली शिलाई मशीन काढली. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर नऊ नावं. एकही त्या बायकांपैकी नाही. ती भांडली, पण फ्लेक्स छापून झाला होता.

खरी गंमत त्याआधीची. पहिल्याच मीटिंगला एक मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, चित्र काढू की, पण इथं बसायला कट्टा होईल का? संध्याकाळी भाजी निवडायला कुठं बसायचं?" बजेटमध्ये रंगाचं हेड होतं, सिमेंटचं नव्हतं. शेवटी हिनं स्वतःच्या मानधनातून विटा-सिमेंट आणलं आणि वस्तीतल्याच एका गवंड्यानं दोन दिवसांत कट्टा बांधून दिला.

मागच्या महिन्यात आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तर वरचे मासे तसेच आहेत, खालच्या वेली मात्र पार गेल्यात, बायका पाठ टेकून बसतात ना, तेवढ्या उंचीवरचा रंग घासून निघालाय. मैत्रिणीला विचारलं, परत मारणार का रंग? ती म्हणाली, "कशाला? आधी त्या उठल्या पाहिजेत ना तिथून."