हात बांधायच्या आधी

नमस्कार मंडळी. म्हातारं माणूस हॉस्पिटलात असलं की रात्री त्याचे हात पलंगाला बांधतात ना, आज त्याबद्दल बोलू.

आमच्या दौलतगंजातल्या माई, वय 84. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या रात्री सुरूच झाल्या, "गाडी सुटेल, मला स्टेशनवर सोडा." सलाईनची सुई उपटून टाकली. वॉर्डबॉयनं बँडेजच्या पट्टीनं दोन्ही मनगटं कठड्याला बांधली, म्हणे "रात को स्टाफ नहीं है, अम्मा गिर जाएंगी." सूनबाई काय बोलणार बिचारी! माई मात्र आणखीनच हिसके द्यायला लागल्या, मनगटं लालबुंद. मग रात्रपाळीची सिस्टर आली, वयानं पोरगीच, तिनं आधी चादर उचलली, बघते तर लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली, पिशवी रिकामी आणि ओटीपोट टम्म! नळी सरळ केली तशी पिशवी भराभर भरली, पट्ट्या सोडल्या, ड्रॉवरमधला चष्मा आणि कानाचं मशीन लावलं, सूनबाईला हात धरून बसवलं. पहाटेपर्यंत माई झोपल्या. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं सोलायला मटार आणले, तर म्हणाल्या, "किडके कुठून उचलून आणलेस?" म्हणजे माई आल्या ठिकाणावर!

आजारपणात माणूस असं अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागतं, त्याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नाही. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, दुखणं, पाणी कमी पडणं, झोपेच्या गोळ्या, काहीही कारण असतं. म्हणून आधी कारण शोधा, पुन्हा सांगतो, आधी कारण शोधा. बांधल्यानं पडायचं थांबतं असंही नाही, उलट बेडसोर होतात, न्यूमोनियाची भीती वाढते, पायातली ताकद जाते. आणि ते भेटायला येणारे, पलंगाभोवती घोळका करून दुसऱ्यांच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगतात, त्यांनी घरी बसावं असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे. बसायचंच तर रात्री एकानं बसा.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, तो मनोरुग्णालयांसाठी, पण त्यात काय लिहिलंय ऐका. दुसरा इलाजच नसेल तरच बांधायचं, शिक्षा म्हणून नाही, आणि नुसता स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच नाही, वर 24 तासांच्या आत पेशंटच्या माणसाला कळवायचं. मनोरुग्णालयात एवढं बंधन, मग साध्या वॉर्डात वॉर्डबॉयच्या मर्जीवर कसं काय? तेव्हा तुमच्या माणसाला बांधायला निघाले तर विचारा, कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलंय आणि सोडणार कधी?