दोन मिनिटांचं गिऱ्हाईक

नमस्कार मंडळी, आज मी पार्किंगबद्दल बोलणारे. विषय रुक्ष वाटेल, पण ज्यांचं बाजारपेठेत दुकान आहे किंवा जे बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतात त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय ते.

माझं मॅचिंग सेंटर आहे, फॉल, अस्तर, रीळ, लेस, हुक असलं सगळं. आमचा धंदा कसा चालतो ते आधी सांगते. बाई साडी घेऊन येते, आम्ही पाच-सहा फॉल काढतो, मग ती साडी आणि फॉल घेऊन पायरीवर उन्हात जाते कारण ट्यूबलाइटमध्ये मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसतात, हा नको तो दाखवा असं करत शेवटी पंचवीस रुपयांचा फॉल घेते. घरी सासूबाई म्हणाल्या रंग उतरता वाटतो, तर दुसऱ्या दिवशी परत येते बदलायला. नवरा बाहेर गाडीवरच बसलेला, गाडी चालू, एक पाय जमिनीवर. पण नुसता फॉल घेऊन जात नाही हं ती, शेजारी बांगड्या बघते, समोरून पोरांना भेळ बांधून घेते, येता येता औषधाच्या दुकानात डोकावते. आमची अख्खी पेठ अशा थांबलेल्या गाड्यांवर जगते.

दिवाळीच्या आधी इथे पे अँड पार्क सुरू झालं. पांढरे पट्टे मारले, ठेका दिला, पावतीपुस्तक घेऊन पोरं उभी राहिली, टू-व्हीलरला दहा, फोर-व्हीलरला वीस. लोक म्हणतात दहा रुपयांनी काय होतं. अहो, दहा रुपयांचं रीळ घ्यायला आलेल्याला दहाची पावती म्हणजे ते रीळ वीसला पडलं, आणि मला त्यात सुटतात दोन रुपये, मी तरी कुठून कमी करून देणार? शेजारच्या गावातले एक गुरुजी शाळा सुटली की येता-जाता थांबायचे, बायकोच्या शिलाईचं सामान न्यायचे, आता बायपासने सरळ निघून जातात. भांडण नाही, तक्रार नाही, माणूस यायचाच बंद होतो. मोबाईलवर मागवलेलं पार्सल तर दारात येतं, तिथे पावती फाडायला कुणी उभं नसतं.

वेल्समध्ये कार्डिगन म्हणून एक गाव आहे, वस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढी. 2015 मध्ये तिथली पार्किंगची मशीन कुणीतरी फोडली, दुरुस्ती होईपर्यंत पार्किंग फुकट झालं, आणि दुकानदार सांगायला लागले की धंदा वाढला, काहींनी तर निम्म्याने वाढला म्हणून सांगितलं. तोडफोड वाईटच, मी तिची बाजू घेत नाहीये. पण ते वाचलं तेव्हा मला आमची पेठच दिसली.

आता एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. फुकट होतं तेव्हा काय होतं? सकाळी साडेनऊला शटर वर केलं की मी माझी स्कूटी दुकानासमोर लावायचे ती रात्री आठलाच काढायचे. कामाला दोन मुली, त्यांच्या दोन गाड्या, शेजारच्यांचं तसंच, एक दिवस मी बसून मोजलं तर आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त गाड्या आमच्याच, दुकानदारांच्या. म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आम्हीच अडवून बसलो होतो आणि वर म्हणत होतो की गर्दीमुळे गिऱ्हाईक येत नाही. मला वाईट वाटलं त्या दिवशी, खरंच.

जगातलं पहिलं पार्किंग मीटर ह्याच कारणाने लागलं. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये, 16 जुलै 1935 ला, तासाला पाच सेंट. बाजारात काम करणारी माणसं सकाळी गाडी लावायची ती संध्याकाळीच हलवायची, खरेदीला येणाऱ्याला जागाच मिळेना, म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादकांना ह्याच्यावर काहीतरी काढायला सांगितलं. म्हणजे पैसे घ्यायचे ते गाडी हलावी म्हणून. आणि आमच्याकडे? ठेकेदाराने वर्षाची रक्कम आधीच भरलेली, त्याला ती पावत्यांतून काढायची, मग दोन मिनिटं थांबलेली गाडी आणि दिवसभर उभी असलेली गाडी त्याला सारखीच, एक गाडी एक पावती. उलट दिवसभराची गाडी एकदाच दहा देते आणि तेवढ्यात फॉल बदलायला दोनदा आलेली बाई वीस देते!

पैसे जातात कुठे हाही प्रश्न आहेच. कॅलिफोर्नियात ओल्ड पॅसाडेना ह्या जुन्या बाजारात 1993 मध्ये मीटर लावले, दुकानदारांचा आधी विरोध होता, पण इथला पैसा इथेच खर्च होईल असं ठरल्यावर ते तयार झाले, मग त्यातून फुटपाथ, दिवे, झाडं, साफसफाई झाली आणि पडका बाजार उठून उभा राहिला. आमच्या पेठेत बायकांसाठी एक स्वच्छतागृह नाही हो. खेड्यातून सकाळच्या एसटीने आलेल्या बायका दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, मी विचारलं तर पदर तोंडाला लावून मान हलवतात. त्या दहा रुपयांतून हे झालं असतं तर मी स्वतः गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, ताई, पावती घ्या.

म्हणून आम्ही काही दुकानदारांनी आमच्या गाड्या शाळेमागच्या मैदानाकडे लावायला सुरुवात केलीये, पाच मिनिटं चालावं लागतं, पावसात त्रास होतो, तरी चालतो. आणि नगरपालिकेला अर्ज लिहिलाय. टू-व्हीलरला पहिला अर्धा तास फुकट ठेवा, दिवसभर लावेल त्याच्याकडून तासाप्रमाणे घ्या, मग तो दुकानदार का असेना, आणि जमलेल्या पैशातून पहिलं काम स्वच्छतागृहाचं करा.

अर्जावर अजून सह्या हव्यात. गुरुवारी साडेअकराला द्यायला जातोय, पेठेतलं कुणी ऐकत असेल तर त्याआधी माझ्या दुकानात या. आणि गाडी मैदानाकडे लावून या.