मुशीतून निसटलेलं सोनं

मंडळी, मला पस्तीस मिनिटं मिळाली होती. त्यातली पाच अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यात घालवली, ती शेवटी वळती करून घेईन म्हणतो. विषय पत्रिकेवर आहेच: एकोणिसाव्या शतकातली दुर्मीळ अमेरिकन सोन्याची नाणी. माझा हेका इतकाच, की टांकसाळीनं किती नाणी पाडली हे घोकून काही कळत नाही. मुशीत किती गेली ते विचारा. मुद्द्यावर येतोच, पण आधी हे बघा.

हा पाच डॉलरचा हाफ ईगल, जॉर्जियातल्या डलॉनेगा टांकसाळीचा. मागच्या बाजूला गरुडाच्या पायाखाली बारीक 'डी' आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, पुढच्यांनाही चष्म्याशिवाय नाहीच. डलॉनेगा हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे चेरोकींच्या भाषेतला, त्याचा अर्थ पिवळं. तिथं सोनं सापडलं, 1838 मध्ये टांकसाळ सुरू झाली, आणि त्याच वर्षी चेरोकींना बंदुकीच्या धाकानं तिथून हाकलून दिलं. गावाला नाव मात्र त्यांचंच राहिलं. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि टांकसाळ बंद पडली. तेवीस-चोवीस वर्षांचा काय तो संसार.

हे नाणं मी न्यू जर्सीत नोकरीला असताना, एका नाणे-प्रदर्शनात, दीड पगार मोजून घेतलं. बायकोला एक पगार सांगितला. (ती आज आलेली नाही, चौकशी करून मगच बोलतोय.) त्या मातीतल्या सोन्यात चांदीचा अंश जास्त, त्यामुळे रंगाला किंचित हिरवट झाक होती. खाचांमधून दीडशे वर्षांचा मळ बसलेला, आणि त्या मळामुळेच नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, केसांची बट न् बट उठून दिसायची. सुट्टीत नाशिकला आलो आणि ते आईच्या कपाटात ठेवून परत गेलो. इथंच चुकलो.

पुढच्या वर्षी माझ्या पुतणीचं बारसं होतं. आईनं कौतुकानं डबी पुढे केली. "बघ, किती कळकट झालं होतं! सोनाराकडून उजळून आणलं. वर कडीही बसवून घेतली, पोरीच्या गळ्यात घालायला." डबीत नाणं पितळेच्या वाटीसारखं लखलखत होतं. लिबर्टीच्या डोक्यावर, मुकुटाच्या नेमकं वर, डाक देऊन कडी बसवलेली. सोनारानं तिला वर बजावलं होतं, "सोनं जरा हलकंच आहे हो, एकवीस कॅरटच भरेल." अगदी बरोबर! अमेरिकन नाणं नव्वद टक्क्यांचं, म्हणजे 21.6 कॅरट. पारख त्याची चोख होती, फक्त तो सोनं पारखत होता. कडी काढून घेतली, तर काठावर हा फोड राहिला. अमेरिकेत नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्यांकडे पाठवलं, तर त्यांनी दर्जाचा आकडा द्यायचंच नाकारलं. चिठ्ठीवर 'साफ केलेलं, कडी काढलेली' एवढंच. आपल्याकडे दागिन्यालाही डाग म्हणतात, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

पण आईला तरी काय बोलणार? पुतळ्यांची माळ बघितलीय ना? व्हेनिसची नाणी आपण कडी लावून गळ्यातच घातली की. आणि अमेरिकन आज्यांनीही तेच केलं. तिथल्या बाजारात कडी काढलेली नाणी ढिगानं...

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं.

तर मुद्दा. 1822 चे हाफ ईगल पाडले 17,796. आज उरलेत तीन. दोन अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरा 2021 मध्ये चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेला. बाकीचे कुठे गेले? 1792 च्या कायद्यानं एक भार सोन्याला पंधरा भार चांदी असा भाव बांधला. युरोपात साडेपंधराच्या वर मिळत होती. मग कोण ठेवतंय सोनं घरात? गेली नाणी जहाजात, तिथून मुशीत. 1834 मध्ये सरकार जागं झालं आणि हाफ ईगलचं वजन 8.75 ग्रॅमवरून 8.36 वर आणलं. त्याबरोबर जुन्या नाण्यात पाच डॉलरहून जास्त सोनं ठरलं, आणि उरलीसुरली तीही वितळली.

1854 चा सॅन फ्रान्सिस्कोचा हाफ ईगल, पाडले फक्त 268. त्यातले तीनच माहीत होते, चौथा 2018 मध्ये सापडला. मालकानं आधी दाखवला त्या व्यापाऱ्यांनी खोटा म्हणून परत दिला होता! 2013 मध्ये कॅलिफोर्नियात कुत्र्याला फिरवणाऱ्या एका जोडप्याला गंजक्या डब्यांतून 1,427 नाणी मिळाली, तीही कुणीतरी पुरून विसरलं म्हणूनच वाचली. 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं, त्यात संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना सूट होती. त्यांचा अर्थमंत्री वुडिन स्वतः नाणी जमवायचा, एवढंच सांगतो, तुम्ही हुशार आहात.

कार्सन सिटीची टांकसाळ राहिली. राहू दे.

नाणं फिरवतोय, एकेकानं बघून पुढे द्या. कडेनं धरा हं, बोटं लावू नका... जाऊ दे, कसंही धरा.