मारबुर्गच्या टेबलावरचे चार शब्द

(दृश्य: जर्मनी. मारबुर्गचा डोंगरावरचा किल्ला.)

ऑक्टोबर 1529. या किल्ल्यात चर्चेला तोंड फुटण्याआधी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने खडू उचलला आणि टेबलावर लॅटिनमध्ये चार शब्द लिहिले : हे माझे शरीर आहे. शेवटच्या भोजनात भाकर देताना येशूने उच्चारलेले हे शब्द. वर मखमली कापड ओढलं.

समोर होता झुरिकचा धर्मसुधारक उलरिक झ्विंग्ली. दोघंही पोपच्या विरोधात उभे, दोघांचाही आधार पवित्र शास्त्र. वाद 'आहे'चा. झ्विंग्ली म्हणाला, इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. प्रभुभोजनातली भाकर ही ख्रिस्ताची आठवण. ल्यूथर ऐकेना. पुरावा काय, असं विचारल्यावर त्याने कापड उचलून ती अक्षरंच दाखवली. मराठीत आपण हे 'आहे' बोलता बोलता गिळून टाकतो. तिथे त्याच्यापायी प्रोटेस्टंट चळवळीचे दोन तट पडले. 15 कलमांपैकी 14 वर एकमत झालं, शेवटच्यावर गाडं अडलं. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात. ल्यूथर मात्र त्याला बंधू म्हणायला तयार झाला नाही.

या दोन परंपरांतल्या युरोपातल्या बऱ्याच मंडळ्यांनी एकमेकींसाठी प्रभुभोजनाचं टेबल अधिकृतपणे खुलं केलं, ते थेट 1973 मध्ये, लॉयनबर्गच्या करारानं.

(दृश्य: रविवारची उपासना. भाकर, द्राक्षरसाचे छोटे पेले.)

आज बहुतेक बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत भाकर घेतात ती आठवण म्हणून. धर्मसुधारणेचा जनक म्हणून नाव ल्यूथरचं, भाकरीचा अर्थ झ्विंग्लीचा!

असं आणखीही आहे. 1517 मध्ये पापक्षमेच्या विक्रीवर तुटून पडलेल्या ल्यूथरने पाळकासमोरची खासगी पापकबुली सोडली नाही. मरिया आजन्म कुमारी होती, हेही तो मानत राहिला. आज एखाद्या प्रोटेस्टंट घरात हे बोलून पाहा. "हे तर कॅथलिक झालं," असंच ऐकायला मिळेल.

माझ्या मते खरी दरी मात्र दुसरीकडे आहे. आजच्या सुवार्ता सभेत शेवटी हाक येते : ज्यांना येशूला स्वीकारायचंय, त्यांनी हात वर करा. निर्णय तुमचा. ल्यूथरला हे पटलं नसतं. 1525 मध्ये विद्वान इरॅस्मसला उत्तर देताना त्याने ठासून सांगितलं, की तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा स्वतंत्र नाहीच. ख्रिस्ती शिकवण देणाऱ्या आपल्या प्रश्नोत्तरीतही त्याने लिहिलं, की स्वतःच्या बुद्धीने वा बळाने मी ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही; पवित्र आत्मा बोलावतो, तेव्हाच ते घडतं. म्हणून तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्याला खटकला नाही. बाळ काहीच करत नाही, देव करतो.

मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांना मात्र त्या काळात बुडवून, जाळून मारलं गेलं. त्यांना शिक्षा देण्याचं समर्थन ल्यूथरनेही केलं. त्याबद्दल ल्यूथरन जागतिक महासंघाने ॲनाबॅप्टिस्टांचे वारस असलेल्या मेनोनाइटांची क्षमा मागितली ती 2010 मध्ये, स्टुटगार्टला.

(दृश्य: नागपूर. ऑल सेंट्स कॅथेड्रल.)

29 नोव्हेंबर 1970. सहा चर्चपरंपरा इथे एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच तो देणारे बॅप्टिस्टही. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. त्यामुळे या चर्चमध्ये एक कुटुंब बाळाला बाप्तिस्म्यासाठी पाळकसाहेबांच्या हाती देतं. दुसरं, मुलगी मोठी होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबतं.