धुक्यातला कळंबा

(पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. लांबून ट्रॅक्टरचा आवाज.)

जानेवारीतली सकाळ. सूर्य उगवायलाच सात वाजतात, आणि कोल्हापूरच्या कळंबा तलावावरचं धुकं त्यानंतरही बराच वेळ हलत नाही. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेत, वाऱ्याबरोबर गुऱ्हाळाचा वास येतोय. तलाव पुढ्यात आहे, पण दिसत नाही.

दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. बोटं गारठलेली. मग कानांनीच बघायचं. टिटवी ओरडली, म्हणजे काठानं कुणीतरी चाललंय. पाण्यावरून पाय आपटत पळाल्याचा आवाज आला, तो वारकरी पक्ष्यांचा. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवणाऱ्यानं किती प्रेमानं ठेवलंय!

धुकं विरलं की बदकं दिसू लागतात, आणि अवघड काम इथंच सुरू होतं. पुस्तकातल्या चित्रात भुवई बदकाच्या नराला डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असते. आत्ता ती शोधत बसलात तर फसाल. विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकतो. ती भुवई पुन्हा नीट उमटायला बहुतेकदा फेब्रुवारी उजाडतो. तोवर नर काय, मादी काय, सगळी तपकिरी. थवा आपणहून उठेपर्यंत थांबायचं. पंख उघडले की नराच्या पंखाचा पुढचा भाग राखी-निळा चमकतो. दोन सेकंद, बस्स.

फोटोसाठी खडा मारून थवा उठवणारेही भेटतात. तसला फोटो मला बघवत नाही. युरोप-सायबेरियाकडून आलेल्या या पाहुण्यांना उन्हाळा लागला की तेवढंच अंतर परत कापायचंय. अंगावरची चरबी हीच त्यांची शिदोरी.

(कॅमेरा काठावरच्या लव्हाळ्याकडं वळतो.)

ऊन चढतं. सगळे निघायच्या तयारीत असताना लव्हाळ्याच्या बुडाशी काहीतरी हलतं. चिमणीएवढा जीव. चिखलात दोन उड्या, थांबतो, शेपटी झटकतो; तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग. श्वास रोखून बसायचं. तो वळतो, आणि गळ्यावर निळाई दिसते, मधोमध तांबूस ठिपका. शंकर! तिबेट, सायबेरियापर्यंतच्या थंड मुलखात घरटं करणारा हा पक्षी आपल्या कोल्हापूरच्या चिखलात किडे टिपतोय.

पुन्हा दोन उड्या. लव्हाळा हलतो, आणि तो आत.